गोळ्या सुरू करणारे अनेक, तपासून थांबवणारं कोण?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाईत माझं औषधांचं दुकान आहे. कराडच्या शासकीय महाविद्यालयातून बी. फार्म. झाले आणि तेव्हापासून काउंटरच्या याच बाजूला उभी आहे. आमच्या भागातली कितीतरी माणसं मुंबईत गिरणीत, गोदीत नाहीतर माथाडी म्हणून राबतात आणि उतारवयात गावी परततात. त्यांची एक फाईल मुंबईच्या डॉक्टरांकडची असते, दुसरी साताऱ्याच्या हॉस्पिटलची, आणि मध्येच अंग दुखलं, चक्कर आली की वाईतच कुणाला तरी दाखवलेलं असतं. या तिन्ही डॉक्टरांची एकमेकांशी गाठ पडत नाही. त्यांच्या चिठ्ठ्यांची मात्र पडते, माझ्या काउंटरवर.

तिथून जे दिसतं त्यावरून मला एकच गोष्ट सांगायची आहे. म्हाताऱ्या माणसाची ताकद जाताना दिसली की घरचे म्हणतात, वय झालं. सगळी ताकद वयानं जात नाही. काही वेळा ती चालू असलेल्या औषधांमुळे जाते, आणि वेळेत ओळखलं तर बऱ्याच अंशी परत येऊ शकते. त्यासाठी कुणीतरी सगळ्या गोळ्या एकदा समोर मांडून बघायला हव्यात. आज आपल्याकडे हे काम कुणाचंच नाही.

उतारवयात अशी ताकद जाण्याला डॉक्टर मंडळी फ्रेल्टी म्हणतात. लिंडा फ्रीड या अमेरिकी संशोधिकेनं 2001 मध्ये तिची पाच लक्षणं मांडली: प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलोंहून जास्त वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि हालचालच कमी होणं. पाचांपैकी तीन असली की माणूस फ्रेल. अशा माणसाला साधा ताप आला, जुलाब झाले तरी तो अंथरुणाला खिळतो, आणि पडला तर पुन्हा पूर्वीसारखा उभा राहत नाही. ही पाचही लक्षणं दुकानात बसून दिसतात. पूर्वी स्वतः येणारे आजोबा नातवाला पाठवू लागतात. आजी म्हणतात, ‘बाई, पाकिटातनं गोळी निघंना, सगळ्या काढून डबीत भरून दे.’ पकड सैल झाल्याची ती खूण असते. कुणी रस्ता ओलांडायला वेळ लागतो म्हणून समोरच्या बाजूला उभं राहून हाक मारतं.

एका काकांचं सविस्तर सांगते. ते माथाडी होते, पाठीवर पोती वाहिलेला माणूस. औषधं महिन्याच्या उधारीवर न्यायचे, पेन्शन जमा झाली की चुकती करायचे, आणि माझ्या वहीत दर महिन्याला सही करायचे. पोट फुगतं, करपट ढेकर येतात म्हणून त्यांना ‘गॅसची कॅप्सूल’ सुरू झाली. त्यात ॲसिड कमी करणाऱ्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड होतं. अशा जोड-कॅप्सूल आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात. चिठ्ठी पंधरा दिवसांची होती. कॅप्सूल चालूच राहिली, कारण बरं वाटत होतं. लेव्होसल्पिराइड पोटाची हालचाल सुधारतं, पण ते मेंदूतल्या, हालचाल सुरळीत ठेवणाऱ्या डोपामिन या रसायनालाही अडवतं, आणि म्हाताऱ्या मेंदूत डोपामिन आधीच कमी झालेलं असतं. काकांचा चेहरा कोरा दिसू लागला. पाऊल आखूड पडू लागलं. हात थरथरायला लागला, आणि वहीतली सही महिन्यागणिक बारीक होत गेली. मग कुणीतरी पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, गोळ्या लिहून दिल्या. गॅसची कॅप्सूल होती तिथेच राहिली.

मुलगा पुढची औषधं न्यायला आला तेव्हा मी त्याला बसवलं. सगळ्या औषधांची यादी एका कागदावर लिहून दिली, कुठलं कधी सुरू झालं तेही वहीवरून काढून दिलं, आणि हा कागद घेऊन पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा असं सांगितलं. त्यांनी यादी बघितली आणि पहिल्यांदा ती कॅप्सूल बंद केली. आठवड्यात फरक पडला असं मी म्हणणार नाही. कित्येक महिने गेले. पण काका आता काठी न घेता गणपती घाटापर्यंत जातात आणि पार्किन्सनच्या गोळ्याही बंद झाल्या आहेत. सगळ्यांचं इतकं भरून येत नाही. काहींची थरथर औषध थांबवल्यावरही राहते. म्हणून उशीर होऊ नये. चक्करेसाठी दिली जाणारी सिनारिझीन, अर्धशिशीची फ्लुनारिझीन, उलटीची प्रोक्लोरपेराझीन याच वाटेनं जाणारी औषधं आहेत. थोड्या काळासाठी ती चांगली आहेत. माझ्या ओळखीतल्या आज्या ती वर्षानुवर्षं ‘चक्करेची गोळी’ म्हणून घेतात.

एका औषधाचा त्रास हा नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध देणं, या प्रकाराचं वर्णन पाउला रोशन आणि जेरी गुर्विट्झ या दोन संशोधकांनी नव्वदच्या दशकातच करून ठेवलं आहे. माझ्याकडे सर्वांत जास्त दिसणारी साखळी रक्तदाबाच्या गोळीपासून सुरू होते. ॲम्लोडिपीन चांगलं औषध आहे, स्वस्त आहे, पण त्यानं काहींच्या घोट्यावर सूज येते. सुजेला लघवीची गोळी येते. लघवीच्या गोळीनं रात्री तीनतीनदा उठावं लागतं, शरीरातलं सोडियम उतरतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. अंधारीला वर सांगितलेली चक्करेची गोळी येते. रात्रीची झोप मोडते म्हणून झोपेची गोळी येते. मग एके रात्री माणूस मोरीकडे जाताना पडतो. खुब्याचं हाड मोडलं म्हणून ऑपरेशन होतं, घरी येताना वेदनेची, पोटाची, बद्धकोष्ठाची अशी आणखी औषधं बरोबर येतात. सूज जिच्यामुळे आली ती पहिली गोळी अजून चालू असते.

बरं, घरच्यांना विचारलं तर ते सांगतात, ‘चारच तर गोळ्या आहेत.’ गोळ्या चार असतात, औषधं नऊ असतात. आपल्याकडे शुगरच्या एकाच गोळीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि वर पायोग्लिटाझोन किंवा व्होग्लिबोज असतं. बीपीच्या एकाच गोळीत टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपीन आणि लघवीचं औषध असतं. पायांची आग होते म्हणून दिलेल्या कॅप्सूलमध्ये प्रेगाबालिन, नॉरट्रिप्टिलीन आणि मिथाइलकोबालमीन असतं. त्यातली पहिली दोन्ही गुंगी आणणारी, तोल घालवणारी. त्यातच दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावानं पँटोप्राझोल हे ॲसिड कमी करणारं एकच औषध लिहिलेलं असतं आणि आजोबा इमानेइतबारे दोन्ही घेत असतात. पाच किंवा जास्त औषधं म्हणजे बहुऔषधी अवस्था, असं साधारणपणे धरतात. त्या हिशेबानं माझ्या काउंटरवर येणारे किती ज्येष्ठ पाचाच्या आत बसतील, मला शंका आहे.

शुगरच्या गोळ्यांचं मला जास्त काळजीचं वाटतं. पन्नाशीत दोन भाकऱ्या खाणाऱ्या बाईला ठरवून दिलेला ग्लिमेपिराइडचा डोस ती अर्धी भाकरी खाऊ लागल्यावरही तोच असतो. त्यात एकादशी, संकष्टी, चातुर्मासातलं एकभुक्त. ‘उपास आहे पण गोळी चुकवली नाही’ हे मला अभिमानानं सांगितलं जातं. साखर पहाटे उतरते, घाम फुटतो, बोलणं असंबद्ध होतं, आणि घरच्यांना वाटतं विसरभोळेपणा आला. ग्लिबेनक्लामाइड नावाची जुनी गोळी तर शरीरात फार वेळ टिकते. वृद्धांसाठी ती टाळावी असं अमेरिकेच्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या ‘बीअर्स निकषां’त स्पष्ट लिहिलं आहे. तरी जुन्या चिठ्ठ्यांवर ती अजून दिसते. तरुण मधुमेह्याला तीन महिन्यांची साखर सातच्या खाली ठेवा म्हणतात, तो आकडा अनेक आजार असलेल्या थकलेल्या ज्येष्ठाला लावायचा नसतो. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच अशांसाठी आठच्या आत ठेवलं तरी चालेल असं सांगते. आजींचा रिपोर्ट साडेसहा आला म्हणून घरात पेढे वाटण्याआधी विचारायला हवं की त्या मधूनमधून थरथरतात का, घाम येतो का. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-12 उतरतं, आमच्या भागातल्या माळकरी शाकाहारी मंडळींचं तर आधीच कमी असतं. पायाला मुंग्या, चालताना झोक जाणं हे त्यानंही होतं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं.

किडनीबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. किडनीचं काम जोखायला रक्तातलं क्रिएटिनिन मोजतात, आणि ते रक्तात येतं स्नायूंमधून. ज्याचे स्नायूच झडले आहेत त्याचं क्रिएटिनिन किडनी मंदावली तरी ‘नॉर्मल’ दिसतं. रिपोर्ट बघून आपण निर्धास्त होतो आणि पूर्ण डोस चालू राहतो. ते औषध बाहेर पडायला मात्र जास्त वेळ घेतं आणि अंगात साठत जातं. त्या किडनीवर गुडघेदुखीसाठी रोजची डायक्लोफिनॅक नाहीतर ॲसिक्लोफिनॅक, आणि त्या दोघांनी बीपीही वाढतं. बीपी वाढलं की बीपीची गोळी वाढते.

आणि पुड्या. यावर लिहिलं नाही तर हे पत्र अपुरं राहील. गुडघेदुखीवर, दम्यावर गावोगाव पुड्या मिळतात. घेतल्या की दोन दिवसांत भूक लागते, अंगात हुशारी येते, दुखणं पळतं. अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे. सहा-आठ महिन्यांत चेहरा गोल होतो आणि मांड्या वाळतात. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येत नाही. हाडं ठिसूळ होतात, शुगर चढते. आणि एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो, कारण शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडलेलं असतं. अशा रुग्णाला ‘पुडी फेकून द्या’ इतकंच सांगणं धोक्याचं आहे. त्याला डॉक्टरांकडेच न्यायला हवं.

हीच गोष्ट मला सगळ्याच औषधांबद्दल ठासून सांगायची आहे. हे पत्र वाचून कुणीही आपल्या मनानं एकही गोळी बंद करू नये. क्लोनाझेपामसारखी झोपेची गोळी, फिट्सची औषधं, हृदयाचे ठोके आवरणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं. स्टेंट बसवलेल्यानं रक्त पातळ करणारी गोळी परस्पर सोडणं म्हणजे हार्ट अटॅकला वाट मोकळी करून देणं. औषधं वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, आयुष्यभर मी तीच देत आले आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हायवेट’ या अभ्यासात ऐंशीच्या पुढच्यांचा वरचा रक्तदाब 150 पर्यंत उतरवल्यावर पक्षाघातानं होणारे मृत्यू आणि हृदय निकामी होणं स्पष्ट कमी झालं होतं. वय झालं म्हणून औषध नाकारणं हा अन्यायच आहे. प्रश्न इतकाच आहे की साठाव्या वर्षी सुरू केलेली चिठ्ठी ब्याऐंशीव्या वर्षी कुणी पुन्हा वाचली का.

वाचत कुणी नाही, आणि त्याला कारणं आहेत. तज्ज्ञ आपापल्या अवयवापुरतं बघतात. दुसऱ्यानं सुरू केलेलं थांबवायचं त्यांना अवघडल्यासारखं होतं. ओपीडीत एका रुग्णाला मिळतात काही मिनिटं. रुग्णालाही गोळी कमी झाली की डॉक्टरांचं लक्ष उडालं असं वाटतं. डिस्चार्ज कार्डावर औषधांची लांब यादी असते, पण कुठलं किती दिवसांचं ते लिहिलेलं नसतं, म्हणून ऑपरेशननंतरची पोटाची गोळी चार वर्षं चालते. आता तर मोबाईलवर एकदा टाकलेली ऑर्डर दर महिन्याला आपोआप घरी येते. माझ्या व्यवसायाबद्दलही बोलायला हवं. दुकानदाराचा नफा विक्रीवर आहे, गोळी कमी करायला सांगण्यावर नाही. म्हणूनच हे काम दुकानदाराच्या चांगुलपणावर सोडू नये, त्याला व्यवस्थेत जागा हवी.

दुसरीकडे तशी जागा केली आहे. ऑस्ट्रेलियात 2001 पासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून प्रशिक्षित फार्मासिस्ट रुग्णाच्या घरी जाऊन सगळी औषधं तपासतो आणि त्याचे पैसे सरकार देतं. इंग्लंडमध्ये 2020 पासून गंभीर फ्रेल्टी असलेल्यांसाठी आणि दहा किंवा जास्त औषधं घेणाऱ्यांसाठी असा आढावा ठरवून घेतला जातो. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये तर साध्या औषध दुकानांतूनच प्रयोग झाला. 65 च्या पुढच्या रुग्णांना फार्मासिस्टनं त्यांच्या झोपेच्या गोळीबद्दल, ग्लिबेनक्लामाइडबद्दल, वेदनाशामकाबद्दल माहितीपत्रक दिलं आणि डॉक्टरांना कारणांसह लेखी कळवलं. सहा महिन्यांनी 43 टक्के लोकांची ती औषधं थांबली होती. ज्यांना असं काही दिलं नव्हतं त्यांच्यात 12 टक्के. हे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही, नवं हॉस्पिटल लागलं नाही. एक पत्रक आणि एक चिठ्ठी लागली.

आपल्याकडे कायद्यानं पाया घातलेला आहे. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाचं समुपदेशन हे फार्मासिस्टचं काम म्हणून नोंदलेलं आहे. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या झोपेच्या गोळ्या कडक नियमांच्या औषधांच्या एच-1 यादीत आहेत; त्यांची विक्री वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. म्हणजे कोण म्हातारं माणूस किती महिने झोपेच्या गोळीवर आहे ही माहिती आजच प्रत्येक दुकानात लिहिलेली आहे. तपासनीस येतो तो नोंदी पूर्ण आहेत का ते बघायला. त्या नोंदींतून रुग्णाच्या भल्यासाठी कुणी काही वाचत नाही.

सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. पाच लाखांचं संरक्षण आहे, आणि त्याचं मी मनापासून स्वागत केलं. माझ्या दुकानात बसून कितीतरी जणांचे फॉर्म भरले गेले. पण ते दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. पडून खुबा मोडला की लाखभर रुपये मिळतील. पडू नये म्हणून वर्षातून एकदा गोळ्यांची पिशवी तपासायला कुठलीही तरतूद नाही. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, जिल्हा रुग्णालयांत त्याचे दवाखाने आहेत. त्याच दवाखान्यांतून, ठरलेल्या दिवशी, डॉक्टर आणि फार्मासिस्ट मिळून औषधांचा आढावा घेतील असं राज्याच्या आरोग्य खात्यानं ठरवावं, आणि सुरुवात एखाद्या जिल्ह्यातून करावी. सातारा जिल्ह्यातून केली तर मी आणि माझ्यासारखे दहा दुकानदार विनामूल्य वेळ द्यायला तयार आहोत. डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे की प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी आणि कुठवर हे दोन शब्दांत मराठीत लिहा. ‘सूज, 7 दिवस’ एवढं लिहिलं असतं तर माझ्याकडची कितीतरी माणसं आज वेगळी चालत असती.

ते होईपर्यंत घराघरांत करता येईल असं थोडंसं सांगून थांबते. आजी-आजोबांची सगळी औषधं एका पिशवीत भरा: डॉक्टरांची, दुकानातून परस्पर घेतलेली, आयुर्वेदिक काढे आणि पुड्या, डोळ्यांचे थेंब, शेजारणीनं दिलेली ताकदीची गोळीसुद्धा. पुढच्या भेटीला फाईलबरोबर ती पिशवी न्या आणि डॉक्टरांना विचारा, यातलं आता काय नको? घरात बीपीचं यंत्र असेल तर एकदा बसून आणि एकदा उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजा. जवळ एक माणूस आधाराला असू द्या. वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरला तर तो लिहून डॉक्टरांना दाखवा. ज्येष्ठ माणूस पडला, एकाएकी गोंधळल्यासारखा वागू लागला, चाल बदलली, तर गेल्या तीन महिन्यांत कुठलं औषध नवीन आलं किंवा कुणाचा डोस वाढला ते आधी आठवा. आणि एखाद्या औषधानं त्रास झाल्याची शंका असेल तर 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला किंवा नातेवाइकाला स्वतः नोंद करता येते. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा हा क्रमांक आहे. कृपया तो ठळक छापावा.

आपली नम्र,
एक फार्मासिस्ट, वाई (जि. सातारा)
(गावातले रुग्ण आणि डॉक्टर सगळेच ओळखीचे असल्यानं नाव छापू नये, ही विनंती.)